घराची पावणी

नायब तहसीलदार दिवेकर साहेबांसाठी खुर्ची मीच आतून आणून घरापुढच्या खळ्यात मांडली. तिचा एक पाय आखूड होता, म्हणून खाली चिऱ्याची कपची लावली. साहेब बसले, तरी खुर्ची डुगडुगलीच.

"हीसुद्धा लिलावात आहे का?" त्यांनी विचारलं.

"नाय साहेब, खुर्ची माझी. घर तेवढा सरकारचा."

साहेब हसले. घाटावरचे होते, आमच्या भागात येऊन त्यांना तीनच महिने झाले होते. माणूस सरळ होता, हे आधीच सांगून ठेवतो. पुढे जे झालं त्यात त्यांचा काडीचा दोष नाही. कोणाचाच नाही, हीच तर अडचण आहे.

घराचा मूळ मालक म्हणजे दारूचा ठेकेदार रेडकर. त्याची दारू एवढी कडक, की भट्टीवरून उडणारे कावळे पुढच्या गावात उतरून परतीचा रस्ता विचारायचे. हे मी या डोळ्यांनी पाहिलेलं आहे. पण ठेक्याचे सरकारी पैसे काही त्यानं भरले नाहीत, आणि एके दिवशी बायकापोरांना घेऊन तो गोव्यात उतरला तो उतरलाच. घर जप्त झालं. पहिल्या लिलावाला काळं कुत्रं फिरकलं नाही, तेव्हा कायद्याप्रमाणे सरकारनं स्वतःच एक रुपयाची बोली लावून ते घेतलं. म्हणजे मी ज्या घरात चौदा वर्षं भाड्यानं राहत होतो ते एका रुपयात विकलं गेलं, आणि त्या दिवशी मी शेजारच्या गावात सातेरी देवीच्या जत्रेला गॅसबत्त्या पेटवत बसलो होतो. खिशात सव्वा रुपया होता.

गॅसबत्त्या भाड्यानं देणं हा माझा धंदा. आमच्या हुमरण्यात वीज आली होती खरी, पण राहायला नव्हे, पाहुणी म्हणून. त्यामुळे जत्रा, लग्न, दशावतार, कुठंही काही असलं की शिवराम बत्तीवाला हवाच. पुढच्या खोलीत बत्त्या, मागच्या दोन खोल्यांत मी आणि चंद्री. मूलबाळ नाही.

आता सरकारनं ते घर पुन्हा विकायला काढलं होतं. आठवड्यापूर्वी आम्ही दोघं तालुक्याच्या कचेरीत जाऊन आलो. मी बोलायला पुढं, पण प्रश्न सगळे चंद्रीचे.

"साहेब, सरकारी बोली अठरा हजार. मगे अठरा हजार दिले की घर आमचा?"

"नाही हो बाई. मुद्रांकाचा खर्च वेगळा. नोंदणीचा वेगळा. ग्रामपंचायतीची घरपट्टी थकलेली आहे, ती घेणाऱ्यानं भरायची. विजेचं बिल आहे. कौलं फुटली असतील, वासे किडले असतील, तर सरकार जबाबदार नाही. जसं आहे तसं घ्यायचं."

"आणि पैसे?"

"चौथा हिस्सा लिलाव संपल्यावर तिथंच, रोख. उरलेले पंधरा दिवसांत. पंधरावा दिवस टळला की भरलेला चौथा हिस्सा सरकारजमा, आणि घर पुन्हा लिलावाला."

"आणि दुसऱ्या कोणी घेतल्यान तर? आमी चौदा वर्सां रवतंव."

"तुमचा करार रेडकरांशी होता. सरकारशी नाही. नवा मालक म्हणाला तर खाली करावं लागेल."

तिथून सोसायटीच्या सेक्रेटरीकडे गेलो. तो म्हणाला, घर नावावर झाल्याशिवाय कर्ज मिळणार नाही. मी म्हटलं, पैसे भरल्याशिवाय घर नावावर होणार नाही. तो म्हणाला, "बरोबर आसा." आणि चहा मागवला. चहा चांगला होता.

चंद्रीनं पाटल्या विकल्या, दुभती म्हैस विकली, मी सहा बत्त्या विकल्या. चतुर्थी नुकतीच झालेली. त्या दिवसांत आमच्या गावात कोणाचा खिसा झाडला तर बाप्पाच्या आरासीची चमकीच पडायची. उसने मागावेत असं कोणी नव्हतं. सगळं मिळून साडेएकवीस हजार जमले. चंद्रीनं खर्चाचे दोन हजार बाजूला बांधले आणि मला बजावलं, "साडेएकोणीसच्या वर तोंड उघडूचा नाय. तुमची जीभ माका ठावक आसा."

"अगो, वर जावचा कित्याक लागतला? गावात माझ्या विरुद्ध बोली कोण लावतलो?"

हे मी अगदी खात्रीनं म्हटलं. आणि त्या सकाळी खळ्यात बघतो तर गाव लोटलेलं. पुरुषमंडळी धुतलेल्या धोतरात, बायका नव्या लुगड्यांत, तेरड्याच्या वेण्या माळून. देवळाचा ढोलकर ढोल गळ्यात अडकवून उभा. मला बरं वाटलं. माझ्या घरासाठी एवढी माणसं! तेवढ्यात साहेबांच्या टेबलापुढं दाजी गवस उभा राहिलेला दिसला. शिपायाच्या हातावर तो अनामतीचे दोनशे रुपये ठेवत होता. अनामत भरल्याशिवाय बोली लावता येत नसे.

दाजी गवस म्हणजे माझा जिवाचा दोस्त. मिशी अशी, की दोन टोकांवर दोन लिंबं ठेवून तो बाजारातून घरापर्यंत चालत यायचा. मी त्याला बाजूला ओढला.

"दाजी, तू अनामत कित्याक भरतंस?"

"वा रे वा! तू एकटोच बोलतलंस आणि एकट्याच्या बोलीवर घर सुटतला? गावाची काय अब्रू ऱ्हवली? आमी काय मेलंव?"

तो काय म्हणतोय ते मला तत्काळ कळलं. बाहेरच्या माणसाला ते कळायचं नाही, म्हणून पावणीबद्दल सांगावं लागेल.

आमच्याकडे जत्रेच्या दुसऱ्या दिवशी देवापुढं आलेल्या वस्तूंचा लिलाव होतो. नारळ, केळ्यांचा घड, फणस, देवीचं लुगडं. त्याला पावणी म्हणतात. एका साली एक फणस एवढ्या रकमेला गेला, की तेवढ्यात झाड, झाडाखालची जमीन आणि जमिनीचा मालक तिन्ही आले असते. कारण पावणीत कोणी फणस विकत घेत नाही, मान घेतो. आणि एखाद्याच्या पहिल्याच बोलीवर नारळ सुटला, त्याच्यावर कोणीच बोललं नाही, तर त्याच्यासारखी नामुष्की दुसरी नाही. त्याचा अर्थ, या माणसाला गावात कोणी नाही. म्हणून ज्याच्यावर जीव आहे, त्याच्यावर बोली चढवायची. एकदा, दोनदा, ढोल वाजवत. तो हात जोडून नको नको म्हणतो, तसं म्हणायचंच असतं. शेवटची बोली मात्र त्याला करू द्यायची. पैसे? ते पुढच्या जत्रेला, काजू-आंब्याचे हातात आल्यावर.

"दाजी," मी म्हटलं, "ही पावणी न्हय. हो सरकारी लिलाव. माझ्याकडे पैसे नाय रे. पाया पडतंय, तू बोलू नको."

दाजीनं मागं वळून हाळी दिली, "बघलात? कसो लाजता बघलात? पाया पडता म्हणता!"

सगळं खळं हसलं. ढोलकरानं एक ठोका दिला.

मी म्हादू परबाला गाठलं. त्यानंही अनामत भरली होती. "म्हादू, तू तरी आयक. खराच सांगतंय, माका परवडाचा नाय."

म्हादू माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाला, "रीत पाळूक तुझ्याकडसून शिकूचा. गेल्या साली मी पण असोच म्हणा होतंय."

जितकं जास्त कळवळून सांगावं तितके ते जास्त खूश. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, तर दोन म्हाताऱ्यांनी पदर डोळ्यांना लावले. शेवटी मी साहेबांकडे गेलो.

"साहेब, ह्येंका थांबवा. ही माझी मित्रमंडळी."

"मग उत्तमच की."

"तसा नाय. ह्येंका घर नको आसा. ह्ये मायेन बोली वाढवतले."

साहेबांनी चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं. "शिवरामपंत, ज्यानं अनामत भरली त्याला बोली लावायचा हक्क आहे. त्याला मी अडवलं तर उद्या माझीच चौकशी. आणि तुम्ही अडवलंत तर तुमच्यावर गुन्हा. मायेनं बोलू नये असा काही नियम नाही."

चंद्री माझ्या मागं येऊन उभी राहिली. माझ्या सदऱ्याचं टोक तिनं मुठीत धरलं. ती या गावचीच सून, सगळं तिच्या लक्षात आलं होतं. "दीड हजारांच्या आत आटपतीत," ती पुटपुटली. "तुमच्या मानाक येवढा पुरे." मला हसू आलं. म्हणजे आलं असतं.

साहेबांनी कागद वाचला, चतुःसीमा वाचल्या आणि रूळ हातात घेतला. "सरकारी बोली अठरा हजार!"

"अठरा हजार एक," मी म्हटलं.

"अठरा हजार पाचशे!" दाजी. ढोल.

"हे वाद्य कशाला?" साहेब म्हणाले.

"देवळाचा आसा, साहेब," शिपाई म्हणाला. एवढ्यानं साहेब गप्प का बसले, हे मला अजून कळलेलं नाही.

"अठरा हजार सहाशे," मी.

"एकोणीस!" म्हादू परब. ढोल.

मी दाजीकडे बघितलं. तो मिशीला पीळ देत होता. त्याच्या चेहऱ्यावर इतकं प्रेम होतं, की मला त्याचा गळा दाबावासा वाटला.

"एकोणीस हजार एकशे."

"एकोणीस चारशे!" पुन्हा दाजी. माझ्या सदऱ्याला मागून हिसका बसला.

"साडेएकोणीस," मी म्हटलं, आणि दोन्ही हात जोडून डोक्याला लावले.

दाजीनं म्हादूकडे बघितलं, म्हादूनं दाजीकडे. पुरे झालं, असं दोघांनी मानेनंच ठरवलं. दाजी मागं सरला, हात मागं बांधून उभा राहिला. शेवटची बोली माझी. रीत पुरी झाली. माझ्या अंगात जीव परत आला.

"साडेएकोणीस हजार, एक वार," साहेब म्हणाले.

चंद्रीचा श्वास माझ्या मानेला लागत होता.

"साडेएकोणीस हजार, दोन वार."

"पंचवीस हजार!"

आवाज मागच्या दगडी गडग्याकडून आला. सगळ्यांच्या माना तिकडं वळल्या. मला वळायची गरज नव्हती. तो आवाज मी दहा वर्षं ऐकला नव्हता, पण विसरलो नव्हतो.

गोपाळ. माझा धाकटा भाऊ.

आई आम्हाला लवकर सोडून गेली. चंद्री लग्न होऊन आली तेव्हा गोपाळ सात वर्षांचा. तिनंच त्याला न्हाऊमाखू घातलं, गोवरात मांडीवर घेऊन बसली. मग तो मोठा झाला, त्याचं लग्न झालं आणि घराच्या वाटणीत विहिरीवरून आमचं बिनसलं. विहीर कोणाच्या बाजूला, एवढीच गोष्ट. कोण काय बोललं ते आता सांगत नाही. पण मी घर सोडून रेडकराकडे भाड्यानं आलो आणि पुढं पुढं आमचं समोरासमोर येणंही बंद झालं. देवळात तो उजव्या खांबाशी, तर मी डाव्या. या दहा वर्षांत चंद्री त्याचं नाव एकदाही बोलली नव्हती, आणि एकाही संक्रांतीला तिळाचे लाडू मोजून कमी केले नव्हते. दर वर्षी त्याच्या वाटचे डब्यात राहून मुंग्यांना जायचे.

तो गर्दीतून पुढं आला. उन्हात काळवंडलेला, केस पांढरे व्हायला लागलेले. कोणीतरी हलकेच म्हणालं, "अनामतीसाठी दोन बोकड विकल्यान." साहेबांनी शिपायाला विचारलं, शिपायानं मान हलवली. अनामत भरली होती.

आमच्यापासून चार हातांवर गोपाळ थांबला. त्यानं माझ्याकडे बघितलं नाही. नजर पायांकडे. दोन्ही हात पुढं जोडलेले. पावणीत भाऊ भावावर बोली चढवतो तेव्हा असाच उभा राहतो. रकमेची उडी जेवढी मोठी, तेवढं मागचं सगळं पुसलं. आणि थोरल्या भावानं त्याच्यावर एक रुपया चढवला, की मिटलं. मग कोणी कधी कोणाला काही विचारायचं नसतं. नाही चढवला, तर मात्र... तर काय होतं हे आमच्या गावात कोणाला माहीत नाही, कारण तसं कोणी कधी केलेलं नाही.

दाजी गवस, एवढा मिशीवाला माणूस, लहान पोरासारखा रडत होता. ढोलकरानं टिपरू वर उचलून धरलं होतं.

"पंचवीस हजार," साहेब म्हणाले. त्यांचा आवाज जरा खूश होता. सरकारला चांगला भाव येत होता. "एक वार."

गप्प राहिलो तर घर गोपाळच्या गळ्यात. चौथा हिस्सा तिथल्या तिथं, रोख. त्याच्याजवळ विकायला तिसरा बोकडसुद्धा नव्हता. साहेब त्याची अनामत बुडवतील, लिलाव रद्द करतील, आणि पुढच्या वेळी पंचवीसच्या खाली बोलीच नसेल. बोललो तर साडेतीन हजार कमी पडून चौथा हिस्सा माझा बुडेल, आणि पंधरा दिवसांनी तेच. आगीतून की फुफाट्यातून, एवढंच माझ्या हाती राहिलं होतं. घर दोन्हीकडून गेलेलं.

"दादा," गोपाळ म्हणाला. एवढंच. पायांकडे बघत.

"दोन वार."

मी चंद्रीकडे वळून बघितलं नाही. धीर झाला नाही. म्हशीला घेऊन जाणाऱ्या माणसामागं ती पार ओढ्यापर्यंत गेली होती, ते मी बघितलं होतं. पाटल्या काढताना हात साबणानं सोलवटून घेतले होते, तेही. माझ्या सदऱ्याचं टोक तिच्या मुठीत अजून ताणलेलं होतं. ताण इतका, की काखेतली शिवण उसवत आली होती.

साहेबांनी रूळ उचलला.

आणि सदरा सैल पडला.

"पंचवीस हजार एक!" मी ओरडलो.

त्या वेळी जो ढोल वाजला तो, सांगतात, खाडीपलीकडं ऐकू गेला आणि तिथली माणसं जत्रा समजून होडीत बसली. ते खरं असेल नसेल. गोपाळ माझ्या पायांवर पडला एवढं खरं. मी त्याला उठवला. त्याच्या अंगाला बोकडांचा वास येत होता. माझ्या खांद्यावर डोकं ठेवून तो हुंदके देत होता, आणि दाजी आम्हा दोघांना एकदम मिठी मारत होता, आणि म्हादू परब सगळ्यांना सांगत सुटला होता, "बघलास? बघलास? येक रुपयो चढवल्यान!"

"तीन वार," साहेब म्हणाले आणि रूळ आपटला. ते कोणी ऐकलं नाही. "अभिनंदन, शिवरामपंत. चौथा हिस्सा द्या, पावती घ्या. उरलेल्याला पंधरा दिवस आहेत, भरपूर आहेत."

मी कमरेची पिशवी सोडली आणि मोजून दिले. पावती घेतली. गोपाळ डोळे पुसत म्हणाला, "साहेब, आमचो दादा दिलेलो शब्द मोडणारो न्हय."

"दिसतंच आहे," साहेब म्हणाले.

"पैशाची फिकीर करू नको रे," दाजी माझ्या कानात म्हणाला. "कमी पडले तर आमी आसंव. पुढच्या जत्रेक." तो ते मनापासून म्हणत होता. मी मान हलवली. दुसरं काय हलवणार?

"वैनी खय?" गोपाळनं विचारलं.

चंद्री खळ्यात नव्हती. गोपाळ माझा हात धरून आत आला, दहा वर्षांत पहिल्यांदा. उंबऱ्यात त्यानं वाकून नमस्कार केला. बाहेर ढोल चालूच होता. कोणीतरी गूळ वाटत होतं.

मागच्या खोलीत चंद्री पाटावर उभी होती. पदर कमरेला खोचलेला. फळीवरची भांडी ती एकेक करून खाली काढत होती. पितळेचे डबे, तांब्याचा हंडा, लग्नातला तवा. पुसत नव्हती, बघतही नव्हती. नुसती काढत होती.

गोपाळनं ते बघितलं, आणि त्याचं तोंड उजळलं.

"वैनी, आजच साफसफाई? घर नावावर होवच्या आधीच?"

चंद्रीनं वळून त्याच्याकडे बघितलं. मग हात लांब करून तिनं त्याच्या कपाळावरचे केस मागं सारले, जसे ती पूर्वी सारायची.

"होय," ती म्हणाली.

"उतर खाली. पडशीत. मी काढतंय." त्यानं तिला हाताला धरून उतरवलं, स्वतः पाटावर चढला आणि टाचा उंचावून सगळ्यात मोठा टोप खाली घेतला. तो हसत होता. "ह्यो खय ठेवू, वैनी?"

"खाली ठेव," चंद्री म्हणाली. "सगळा खाली ठेव, बाबा. दाराकडे."